रामजोशी आणि समोरचा श्रोता

'संप्रेषण' हा शब्द आपल्या टीकालेखनात आता चांगलाच रुळला आहे. त्याचा अर्थ 'कळविणे' एवढाच धरला, तर कवी आणि टपालवाला यांत फरक उरत नाही. ऐकणाऱ्याला आपल्या बोलण्यात सामील करून घेणे, ही त्याची अवघड बाजू होय. ती पाहावयाची तर आमच्या सोलापूरच्या रामजोश्यांकडे (१७६२–१८१२) वळावे.

रामजोश्यांचे चरित्र ठरावीक साच्यात सांगितले जाते. ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या नादी लागला, पंढरपुरी संस्कृत शिकला, आणि पुढे मोरोपंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळला. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटाने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. पण या साच्यात लावणी म्हणजे पतन आणि कीर्तन म्हणजे उद्धार, असा निवाडा आधीच दडलेला असतो. तो मला मान्य नाही.

त्यांच्या लावणीत संस्कृत समास आहेत, वैराग्याचा उपदेशही आहे. म्हणजे डफ-तुणतुण्याच्या साथीने पंडितांची भाषा ते फडात नेत होते. कीर्तनात त्यांनी मोरोपंतांच्या आर्या देवळातल्या श्रोत्यांपर्यंत नेल्या. जागा दोन; काम एकच.

हे काम सोपे नव्हे. वर्गात मी आर्या नुसती वाचली, तर मुले खिडकीबाहेर पाहतात. चालीवर म्हटली, की माना डोलू लागतात. तेवढ्याने अर्थ पोचला असे मात्र नव्हे. एखादा पोरगा विचारतो, "गुरुजी, म्हणजे काय हो?" तेथे खरे संप्रेषण सुरू होते.

ताल अर्थाला वाट करून देतो, तसा तो अर्थ झाकतोही. खुद्द रामजोश्यांच्या काही रचनांत यमकांची आतषबाजीच तेवढी उरते. टाळी मिळते, मागे काही राहत नाही. हा दोष मान्य करूनही त्यांचे मोठेपण उणावत नाही.

कारण मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू कानांवर पडणाऱ्या या गावच्या शाहिराला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार: श्रोता केव्हाही उठून जाऊ शकतो. आम्ही कादंबरीकार वाचकाला अरसिक म्हणून मोकळे होतो. वाचकही मधूनच उठून जातो. आम्हाला तो जाताना दिसत नाही, इतकेच.