'सिंदोन' आणि ताग

तेरच्या संग्रहालयातून बाहेर पडताना एक ग्रीक शब्द मनात घोळत होता: 'सिंदोन'. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर नगरीहून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या मालात नाना तऱ्हेची 'सिंदोन' वस्त्रे आहेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले हे तेरच, असे फ्लीटसाहेबांनी १९०१ साली दाखवले. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात अरिमथाईकर योसेफ येशूचा देह गुंडाळतो, तोही 'सिंदोन'मध्येच! शब्दाचे मूळ कोणी सिंधूत शोधतात, कोणी हिब्रू 'सादीन'मध्ये. पहिले मत आपल्याला सुखावते, म्हणूनच मी त्यापासून जरा दूर राहतो.

रूढ मराठी भाषांतरात मात्र त्याचे 'तागाचे वस्त्र' झाले. माझी तक्रार इथे आहे. ताग म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे सुतळी नि गोणपाटच येणार. धनवान योसेफाने गुरूला दिलेला अखेरचा मान त्या गोणपाटात हरवतो. धागा जवसाच्या झाडाचा खरा. पण 'जवस' लिहावे, तर वाचकाला चटणी आठवायची! तेरचे कापड बहुधा सुती होते, तरी त्यालाही ग्रीकांनी 'सिंदोन'च म्हटले. दिवाळीचे कापड घेताना आपणही आधी पोतच चाचपतो. मी तरी 'तलम वस्त्र' एवढेच लिहिले असते.