चित्रवीथीतील लक्ष्मण

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पहिल्या अंकाचे चित्रदर्शन आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी वर्गात शिकविलेले असेल. पुढील वियोगाची पूर्वसूचना, करुणाची पूर्वतयारी आणि जृंभकास्त्रांच्या द्वारे अखेरच्या अंकांशी साधलेला दुवा, असे त्याचे नाट्यदृष्ट्या महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. ते यथार्थच आहे. परंतु या प्रसंगी चित्रे दाखविणारा लक्ष्मण नेमके काय करतो, याकडे मात्र टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. संग्रहालयांत विनावेतन मार्गदर्शन करणाऱ्या हौशी रसिकांचा वर्ग आज वाढत आहे. आणि या वर्गाचा आद्य प्रतिनिधी आपल्या वाङ्मयात शोधावयाचा झाल्यास तो लक्ष्मणच होय, असे आम्हांस वाटते.

हे नाटक कालप्रियनाथाच्या यात्रेत झाले, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल, असे काही अभ्यासक मानतात; काहींना हे मान्य नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. उज्जैनचा संबंध आमच्या विवेचनात दुसऱ्याच वाटेने येणार आहे.

जनक मिथिलेस परतल्यामुळे सीता खिन्न आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला आणि रामाला चित्रवीथीकडे नेतो. येथे ज्ञानदानाचा आव नाही. समोरच्या माणसाच्या मनःस्थितीची जाण आहे. तथापि आरंभीच त्याच्या हातून एक प्रमाद घडतो. चित्रे कोठवर आली आहेत, या रामाच्या प्रश्नाला तो सरळपणे उत्तर देतो, की सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत. माहिती अचूक, पण ती नेमकी जखमेवर पडते. ज्यांच्यापुढे आपण बोलतो त्यांना तीच माहिती कशी लागेल, याचा विचार न करणारा मार्गदर्शक विद्वान असूनही असाच चुकतो.

पुढे मात्र लक्ष्मण सावरतो. विवाहाच्या चित्रात तो सीता, मांडवी आणि श्रुतकीर्ती यांची ओळख करून देतो आणि ऊर्मिलेस संकोचाने वगळतो. सीता मिष्किलपणे ‘ती दुसरी कोण’ म्हणून विचारते, तेव्हा तो लाजून परशुरामाच्या चित्राकडे वळतो. प्रेक्षकाने मार्गदर्शकाच्या मौनाचा अर्थ ओळखावा, हा केवढा गोड क्षण! मंथरेच्या चित्रापाशी हेच उलट घडते. राम काही न बोलता पुढे सरकतो. त्याने काय गाळले हे लक्ष्मणाच्या ध्यानी येते, परंतु तो आग्रह धरीत नाही. चित्र भिंतीवर आहेच. ते लपविलेले नाही आणि लादलेलेही नाही. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता भयभीत होते, आणि हे केवळ चित्र आहे, याचे स्मरण रामाला करून द्यावे लागते. शेवटी सीता थकली आहे असे पाहून तिने आता विसावावे, ही विनंती करणारा लक्ष्मणच. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात 1907 साली मार्गदर्शकांची प्रथा ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, त्याच बेंजामिन गिलमन यांनी 1916 साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला. लक्ष्मणाला तो थकवा प्रेक्षकाच्या मुद्रेवरूनच कळला होता.

इतके असूनही लक्ष्मणाच्या निरूपणात एक मोठे न्यून आहे. चित्रकाराचा निर्देश तो एकदाच, तोही ओझरता करतो, आणि ही चित्रे आपणच सांगितल्याप्रमाणे काढली आहेत, असे कळवितो. त्यानंतर कोण, कोठे, केव्हा याचेच निवेदन चालते. रेषा कशी वळली, रंग कोठे दाटला, याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. त्याला कथा आधीच ठाऊक आहे, म्हणून चित्र त्याला निमित्तमात्र ठरते. भवभूतीस नाट्यासाठी हेच हवे होते. संग्रहालयातील मार्गदर्शकास मात्र हे परवडणारे नाही.

येथे आम्हांस उज्जैनच्या माधवनगरातील भारती कला भवनाचे आणि त्याचे संस्थापक डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे स्मरण होते. नीमच येथे 1919 साली जन्मलेले हे मराठी पुरातत्त्वज्ञ मुळात चित्रकार. भीमबेटकाची शैलचित्रे त्यांनी 1957 साली उजेडात आणली. 2003 साली त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला. त्या शैलाश्रयांत लक्ष्मणाची गत काय झाली असती? तेथे ना चित्रकाराचे नाव ठाऊक, ना शिकाऱ्यांची कथा. सांगण्यासारखे जे आहे ते दगडावर दिसते तेवढेच: कोणती आकृती कोणत्या आकृतीवर चढली आहे, कोणता रंग खालचा, कोणता वरचा. वाकणकरांनी या थरांवरून चित्रांचा कालानुक्रम लावला, आणि त्यासाठी चित्रांच्या हाताने अनुकृती केल्या. हाताने रेषा पुन्हा ओढणे म्हणजे सावकाश पाहणे. ज्याने असे पाहिले आहे, त्याचे बोलणे आपोआप चित्राला धरून राहते.

मग कथा टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचा चित्रकथी एकेक चित्र समोर धरूनच रामायण-महाभारत गातो. कथा त्याच्याही मुखी असते, पण चित्र पालटल्यावाचून ती पुढे जात नाही. कथेने चित्राच्या पावलाने चालावे, एवढाच आमचा आग्रह.

शिक्षकांना हा विचार परका वाटू नये. कविता शिकविताना आपण कवीचे चरित्र आणि प्रसंगाची पार्श्वभूमी सांगून मोकळे होतो. ओळ तशीच न वाचलेली राहते. संग्रहालयातील स्वयंसेवक वेतनासाठी बोलत नाही, म्हणून त्याचा मोह आणखी सूक्ष्म: आपण ऐकले जावे हा. लक्ष्मणाची माणसांविषयीची जाण आणि वाकणकरांची रेषेवरची नजर, या दोन्ही ज्याच्या ठायी एकत्र येतील त्याच्या बोलण्यास आम्ही निःशंकपणे समीक्षा म्हणू. मार्गदर्शक गप्प झाल्यावरही प्रेक्षक चित्रासमोर उभा राहिला, तर ती समीक्षा सफल झाली असे समजावे.