पाण्याच्या गर्जनेवर सिंहासन

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ९३ वं स्तोत्र अवघ्या पाच वचनांचं आहे. देवाला राजा म्हणून गौरवणारी स्तोत्रं तिथं आणखीही आहेत. ४७ व्यात रणशिंग वाजतं, २४ व्यात राजा आत यावा म्हणून वेशी उंचावतात. या सगळ्यांत मला ९३ वं सर्वांत थोर वाटतं, कारण यातला राजा काहीच करत नाही.

सुरुवातीलाच राज्याची द्वाही फिरते आणि पाठोपाठ राजाचा पोशाख येतो. जरतार नाही, रत्नं नाहीत. ऐश्वर्य हेच त्याचं वस्त्र आणि सामर्थ्य हाच त्याचा कमरपट्टा. कंबर कसलेला राजा दिसला की आता लढाई होणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. लढाई मात्र होत नाही. पृथ्वी अढळ आहे आणि सिंहासन अनादि काळापासून आहे, एवढंच कळतं. इथं आणखी एक गोष्ट घडते. आतापर्यंत राजाविषयी बोलणारा कवी एकदम राजाशीच बोलू लागतो. दरबाराच्या दारात उभा असलेला माणूस थेट सिंहासनासमोर येतो आणि मग पाण्याचं गाऱ्हाणं घालतो.

तिसरं वचन कानांनी वाचायचं आहे. प्रवाह उसळल्याचं तीनदा येतं आणि दर वेळी थोडी भर पडते. आधी नुसतं उसळणं, मग आवाज, मग आदळणाऱ्या लाटांचा कल्लोळ. लाटेमागून लाट यावी तशी ही रचना चढत जाते.

हे गाणाऱ्यांचं यरुशलेम डोंगरावर वसलेलं. गावाला नदी नाही. पाणी गीहोन झऱ्याचं, आणि किद्रोनचा ओढा वर्षातला बराच काळ कोरडा. या लोकांना पाण्याचा एवढा धसका कशाचा? हे पाणी म्हणजे जग घडण्याआधीचा गोंधळ, घडलेलं सगळं पुन्हा गिळू पाहणारा. शेजारच्या लोकांनाही तो ठाऊक होता. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारीत नगराचं उत्खनन १९२९ साली सुरू झालं. तिथल्या मृत्तिकापाट्यांवर बआल हा देव समुद्रदेव यामशी झुंजतो, आणि त्या यामचं दुसरं नाव 'नदी' असंच आहे. बाबेलचा देव मर्दूक समुद्ररूपी तियामतला चिरतो आणि देवांचा राजा होतो. दोघांचंही राज्य लढून मिळवलेलं आहे. या स्तोत्रात सिंहासन आधीपासूनच आहे. पाणी नंतर येतं. त्याने कितीही उसळावं, ज्या राज्यासाठी झगडा व्हायचा त्याचा निकाल केव्हाच लागलेला आहे.

चौथ्या वचनात पाणी शांत झालं असं कवी म्हणत नाही. या संयमाला माझा मनापासून नमस्कार आहे. गर्जना चालूच आहे. तिच्याहून बलवान असा कुणी वर आहे, एवढंच तो सांगतो. ज्याच्या घरात खरोखर पाणी शिरलंय, त्याला 'पूर नाहीच' म्हणणाऱ्या भक्तीचा काय उपयोग? हे स्तोत्र पूर डोळ्यांसमोर ठेवूनच धीर देतं.

पाचव्या वचनाशी पुष्कळ वाचक अडखळतात. महासागरावरून कवी एकदम देवाच्या आज्ञांवर आणि त्याच्या मंदिराच्या पावित्र्यावर येतो. हे वचन मागाहून चिकटवल्यासारखं वाटतं खरं, पण मला कवितेचं शिखर इथंच दिसतं. पाण्याला आवाज आहे, शब्द नाही. राजा एकदाही गरजत नाही, पण त्यानं दिलेला शब्द पक्का आहे. त्या शब्दावर विसंबून माणसाला घर बांधता येतं, म्हणून शेवटी घर येतं. सामर्थ्याची कविता विश्वासार्हतेवर येऊन थांबते; राजाचं याहून मोठं वर्णन मला माहीत नाही.

संहितेतली या स्तोत्राची जागाही पाहण्यासारखी आहे. ८९ वं स्तोत्र दावीदाचा मुकुट धुळीला मिळाल्याच्या आक्रोशापाशी संपतं. बाबेलच्या फौजांनी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं; दावीदाच्या घराण्याची गादी गेली. ज्यांना पृथ्वीवर राजा उरला नाही त्यांच्या हाती संहितेनं त्यानंतरच्याच भागात हे स्तोत्र ठेवलं. अशा वेळी देवाला राजा म्हणणं ही दरबारी स्तुती राहत नाही. बाबेलच्या राजापुढे मनानं न वाकण्याचं बळ त्यात आहे.

ज्यू उपासनेत हे शुक्रवारचं स्तोत्र आहे; सहाव्या दिवशी सृष्टी पुरी करून देव तिच्यावर राज्य करू लागला, असं तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ त्याचं कारण देतो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं स्वागत करतानाही ते म्हणतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले. समुद्रातून वाचलेल्यांच्या या मराठी वंशजांच्या तोंडी हे स्तोत्र किती शोभून दिसतं!

वाचणार असाल तर मोठ्यानं वाचा, तिसऱ्या वचनाला आवाज चढू द्या. मग तिथंच न थांबता ९८ वं स्तोत्र उघडा. इथं गरजणाऱ्या नद्या तिथं त्याच राजासाठी टाळ्या वाजवतात.