लेकरांचे कान आणि आपले गाणे

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथने तपासली, कथेची भाषा तपासली. गाणे मात्र तिने मांडवाबाहेरच उभे ठेवले. याचे कारण उघड आहे. कविता पुस्तकात मिळते, घरी बसून तिच्यावर टिपण काढता येते. गाण्यासाठी रात्रभर सतरंजीवर बसावे लागते. ज्या वाङ्मयाने आमच्या निरक्षर आयाआज्यांपर्यंत आंबेडकरी विचार पोचवला, त्याचे आम्ही कौतुक पुष्कळ केले. चिकित्सा केली नाही.

माझ्यापुरता हा प्रश्न एका साध्या हट्टातून उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा इंग्रज बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला तिथे जायचे होते. तिकीट आणि चंद्रपूरहून मुंबईचा प्रवास, दोन्ही आवाक्याबाहेरचे. पुढे ऑक्टोबरात मी तिला आमच्या दीक्षाभूमीवर घेऊन गेले. एक मैफल हुकली म्हणून दुसरी दाखवली, असा हा हिशेब नव्हता. आईबाप लेकराचा हात धरून गाणे ऐकायला नेतात तेव्हा ते त्याच्या हाती नेमके काय देतात, हे मला पाहायचे होते.

पाश्चात्त्य देशांत म्हातारे झालेले चाहते आपल्या मुलांना जुन्या रॉक बँडच्या कार्यक्रमाला आवर्जून नेतात. त्यात त्यांचे स्वतःचे तारुण्य असते. ते समजण्यासारखे आहे. पण त्या मांडवाचा पाया कोणी घातला, हेही लेकराला सांगितले पाहिजे. १९६२ साली उभ्या राहिलेल्या रोलिंग स्टोन्सने आपले नाव मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतले. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबलेला काळा माणूस. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि शहराच्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून त्याने विजेवरचे गिटार हाती घेतले. त्याचे गाणे गोऱ्या पोरांनी उचलले, त्यावर जग जिंकले. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स बंगळूर-मुंबईतही वाजवून गेले. मळ्यावरच्या माणसाचे दुःख स्टेडियममध्ये पोचेपर्यंत केवढा प्रवास झाला, आणि त्या प्रवासात त्याचा धनी कसा बदलला, हे आम्हाला कळायला हवे. १९७२ मध्ये आम्ही अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून पँथर हे नाव घेतले. त्यांच्या गाण्याची विचारपूस मात्र आम्ही केली नाही.

आमच्या झाडीपट्टीत लेकराला रात्रीच्या खेळाला नेणे ही नवलाची गोष्ट नाही. दंडार, खडी गंमत आणि वडशाच्या मंडळ्यांची नाटके यांवर इथल्या पिढ्या वाढल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालतो, खेळ पहाटेपर्यंत रंगतो, आणि पोरे आईच्या मांडीवर अर्धी झोपेत, अर्धी जागी असतात. या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. पण याच गावांत आमच्या माणसांचे वाद्याशी नाते वेगळे होते. गावकीत डफडे वाजवणे ही कला नव्हती, ती वेठ होती. दवंडी द्या, सण आला की वाजवा, मयत झाली की वाजवा, आणि मोबदल्यात उष्टेपाष्टे घ्या.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतरचा हा दुसरा सोहळा. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यासारखे कार्यकर्ते या भागातले. त्यानंतर गावोगाव आमच्या लोकांनी वाजवण्याचे काम सोडले. माझ्या आजोबांनीही सोडले. त्यांनी डफडे घरातही ठेवले नाही. या नकाराचे मोल कोणत्याही संगीतसभेहून मोठे आहे. ज्या आवाजाने गाव आपल्याला बोलावत होते, तो आवाजच त्यांनी बंद केला.

मग त्या रिकाम्या जागेत कोणते गाणे आले? वाट आधीच तयार होती. सत्यशोधक जलशांनी ती घालून दिली होती, आणि भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३० नंतर आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला. देवाचे नमन आणि गवळणीतली छेडछाड बाजूला सारून तिथे सवालजवाब उभा केला. पाण्याचा हक्क, सावकारी, अंधश्रद्धा, शिक्षण हे विषय लोकांनी प्रथम हसत हसत ऐकले.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डकांचे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये त्यांचा जन्म झाला, २००४ मध्ये ते गेले. मधल्या साठ वर्षांत त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि महाराष्ट्रभर पायपीट करून गायिली. रॉकच्या दुनियेत ज्याला दंतकथा म्हणतात, ती आमच्याकडे खांद्याला झोळी लावून एसटीने फिरत होती. त्यांच्या रचनेची चिकित्सा करायची तर एका गोष्टीपासून सुरुवात केली पाहिजे. ते मोठेपणी अक्षरे शिकले. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. म्हणून त्यांची ओळ डोळ्यासाठी नाही, कानासाठी आहे. धृपद लहान, शब्द रोजच्या बोलण्यातले, यमक असे की पुढचा शब्द ऐकणाऱ्याच्या तोंडी आधीच यावा. दुसऱ्या फेरीला आई म्हणू लागते, तिसऱ्या फेरीला लेकरू. पुस्तकी समीक्षा याला साधेपणा म्हणून सोडून देते. मला ही रचनेची बुद्धी वाटते. निरक्षर श्रोत्याच्या स्मरणात विचार टिकवण्याचे ते शास्त्र आहे.

आजच्या मांडवात या शास्त्राचे काय झाले? दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी माणसांनी भरून जाते. पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी असते, आणि ती पाहून ऊर भरून येतो. पण गाण्याच्या वाट्याला बहुतेक वेळा केवळ आवाज येतो. भिंतीएवढे कर्णे, छातीत धडधड, आणि शब्द मात्र एकही ऐकू येत नाही. मुलीने बराच वेळ कान देऊन ऐकले आणि मला विचारले, "आई, बाबासाहेब सूर्य होते, वाघ होते, हे समजलं. पण त्यांनी केलं काय, ते तर हे गाणं सांगतच नाही ना?"

बारा वर्षांच्या पोरीचा हा सवाल मला समीक्षेचा निकष वाटतो. जलशाचे गाणे चवदार तळ्यावर काय घडले ते सांगत होते. विलास घोगरे झोपडपट्टीत काय चालले आहे ते गाण्यातून सांगत होते. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि ते न सोसून चार दिवसांनी त्यांनी स्वतःचा जीव दिला. या गाण्याला घटना होती, कारण होते, जाब होता. आजच्या पुष्कळ गाण्यांत फक्त उपमा उरल्या आहेत. ज्या महापुरुषाने विभूतिपूजेपासून सावध राहायला सांगितले, त्याचीच आरती आम्ही ठेक्यावर करतो आहोत.

सिनेमाच्या चालींना काहीजण नावे ठेवतात. मला तो आक्षेप मान्य नाही. तयार चाल लोकांच्या कानात असतेच. शाहीर तिच्यावर आपले शब्द स्वार करतो. चाल उसनी असणे हा दोष नव्हे, शब्द उसने असणे हा दोष. कव्वालीच्या मुकाबल्यांचेही तसेच. सवालजवाबाने लोकांना तर्क शिकवला, हे त्यांचे देणे. पण गायिकेच्या रूपावर, बाईच्या जातीवर टाळ्या घेणारे शेरे त्याच मंचावरून आले, आणि समोर आया मुलींना घेऊन बसल्या होत्या. हा भाग समीक्षेने झाकून ठेवू नये.

घरी आल्यावर मी मुलीला कास्टलेस कलेक्टिव्हचे गाणे ऐकवले. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत हा ताफा पहिल्यांदा मंचावर आला. त्यात विजेवरचे गिटार आहे, रॅप आहे, चेन्नईच्या वस्त्यांमधले गाना आहे, आणि या सर्वांच्या मध्ये पराई आहे. पराई हे तमिळ अस्पृश्यांवर लादलेले मयतीचे वाद्य. मुलीला तमिळ येत नाही, पण ती लगेच म्हणाली, "हे आपल्या डफड्यावानी वाजते."

तिने आपले म्हटले, आणि इथे एक अवघड गाठ आहे. आजोबांनी जे टाकले, ते नात पणतीच्या कानातून पुन्हा घरात आणते आहे काय? मला तसे वाटत नाही. आजोबांनी चामडे आणि लाकूड टाकले नव्हते, हुकूम टाकला होता. हुकूम गेल्यावर वाद्य हाती घेणे हाही स्वतःचा निर्णय असू शकतो. मात्र कोणासाठी वाजवायचे आणि काय सांगायला वाजवायचे, हे आपण ठरवले तरच. मंदिराच्या मिरवणुकीत तेच डफडे पुन्हा वाजले तर ती वेठ आहे. ज्याने ते सोडले त्याची कथा सांगायला वाजले तर ते गाणे आहे.

म्हणून काही गोष्टी मागाव्याशा वाटतात. दीक्षाभूमीच्या मंचावर दरवर्षी एक प्रहर असा असावा, की ज्यात कर्णे खाली असतील आणि शब्द वर. मूल, ब्रह्मपुरी, वडसा भागातल्या म्हाताऱ्या गायकांची आणि गाणाऱ्या बायांची गाणी नोंदवून ठेवावीत. ती माणसे फार दिवस थांबणार नाहीत. गोंडी आणि माडिया गाणाऱ्यांना त्याच मंचावर पाहुणे म्हणून नव्हे, भाऊबंद म्हणून जागा असावी. आणि नियतकालिकांनी कवितासंग्रहाइतक्याच कठोरपणे गाण्याचे परीक्षण छापावे.

मुलीने उद्या कोल्डप्लेला जरूर जावे. तिथे जाताना मडी वॉटर्स कोण होता हे तिला ठाऊक असावे, आणि आपल्या मांडवात बसल्यावर शब्द ऐकू आले नाहीत तर उठून विचारण्याची सवय असावी. एवढे देता आले तर आईचे काम झाले, आणि समीक्षेचेही.