देणगी कोणासाठी?

माणसाचा स्वभाव चार इंग्रजी अक्षरांत सांगणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी आपल्याकडच्या कंपन्यांतही आता सरावाची झाली आहे. ती रचणाऱ्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांचे पुस्तक १९८० मध्ये निघाले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुस्तकाचे नाव ‘गिफ्ट्स डिफरिंग’, म्हणजे निरनिराळ्या देणग्या. हे नाव बायबलमधले आहे, प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातले. प्रशिक्षणवर्गात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सांगायला हवी, कारण त्या नावामागचा विचार चाचणीपेक्षा कितीतरी खोल आहे.

इझाबेल आणि त्यांची आई कॅथरिन ब्रिग्ज या दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या स्वभावप्रकारांवरील ग्रंथाने त्यांना झपाटले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कितीतरी बायका प्रथमच कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या. कोणाला कोणते काम मानवेल हे त्यांना कळावे, म्हणून इझाबेल यांनी प्रश्नावली तयार करायला घेतली. चाचणीतल्या सोळा स्वभावप्रकारांपैकी एकही त्यांनी हलका ठरवला नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळीत ज्यांना कृपादाने म्हणतात, त्या देणग्यांचा विषय रोमकरांच्या पत्रात मोजक्या वचनांत आटोपतो. त्याचा पूर्ण फुलोरा आहे तो त्याआधी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिथल्याही बाराव्या अध्यायात.

करिंथ हे दोन बंदरांचे शहर. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसवले. अशा नव्या गावात प्रतिष्ठा वारशाने फारशी येत नाही, ती कमवून दाखवावी लागते. ती चढाओढ तिथल्या लहानशा मंडळीतही शिरली होती. भावावस्थेत परभाषा बोलणारे स्वतःला वरचे समजू लागले होते. पौल इफिसातून त्यांना लिहितो आहे.

समाज म्हणजे शरीर, ही उपमा पौलाची स्वतःची नव्हे. रोमची सामान्य जनता इ.स.पू. ४९४ मध्ये रुसून शहराबाहेर गेली, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून तिची समजूत काढली, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. पोट बसून खाताना दिसले तरी त्याच्यावाचून तुमचे चालायचे नाही, तेव्हा कामाला लागा, हे त्या गोष्टीचे तात्पर्य. आपल्याकडेही पुरुषसूक्तातल्या शरीराचा आधार घेऊन मुख वर आणि पाय खाली ही उतरंड पिढ्यान्‌पिढ्या पक्की केली गेली. ही उपमा बहुतेक वेळा वरच्यांच्या सोयीची ठरली आहे. पौल तीच उचलतो आणि उलटी फिरवतो. या अध्यायाचे सौंदर्य मला तिथे दिसते.

आधी तो पायाला आणि कानाला बोलायला लावतो. पाय हिरमुसला आहे, कारण तो हात नाही. कानाला वाटते, आपण डोळा नाही म्हणजे या शरीराचे कोणीच नाही. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्टोम या धर्मोपदेशकाने इथला बारकावा नेमका टिपला आहे: पाय स्वतःला डोळ्याशी ताडून पाहत नाही, हाताशी पाहतो. फार वरच्याचा मत्सर माणसाला होत नाही, एकाच पायरीने वर असलेल्याचा होतो. नोकरी केलेल्या कोणालाही हे पटेल. पौल या दोघांना रागावत नाही. सगळे शरीर नुसता डोळाच असते तर, असे एक विचित्र, जवळजवळ भयंकर चित्र तो उभे करतो, आणि कानाची किंमत कानाला कळते.

नंतर डोळा आणि मस्तक बोलतात. त्यांना हातापायांची गरज वाटत नाही. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो: आधी खचलेल्यांना धीर, मग माजलेल्यांना समज. आणि लगेच कळस येतो. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे. ज्यांना आपण कमी मानाचे समजतो त्यांनाच आपण जास्त जपून वस्त्र घालतो. उण्याला अधिक मान मिळावा अशा बेताने देवानेच शरीर जुळवले आहे. मेनेनियसची कथा इथे पार पालटते.

शेवटी यादी. प्रेषित पहिले, संदेष्टे दुसरे, शिक्षक तिसरे; पुढे क्रमांक गळून पडतात. चमत्कार, रोगमुक्ती, मग साहाय्य करणे, मग कारभार पाहणे. करिंथकरांना ज्या परभाषांचा अभिमान होता, त्या सर्वांत शेवटी. साहाय्य आणि कारभार यांना चमत्कारांच्या पंक्तीला बसवलेले पाहून मला दरवेळी भरून येते. खुर्च्या मांडणारी, हिशेब ठेवणारी, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. तुमचे काम ही देणगी आहे, असे त्यांना कोणी सांगत नाही. पौल सांगतो.

मायर्स-ब्रिग्ज चाचणी मात्र माणसाला एकट्याला बसवून त्याच्याचविषयी विचारते. काही आठवड्यांनी ती पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरे बदलतात, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. नोकरभरतीसाठी ती वापरू नये, असे तिचे प्रकाशकही सांगतात. अशाच दुसऱ्या, गॅलप कंपनीच्या ३४ बलस्थानांच्या चाचणीचे जनक डोनाल्ड क्लिफ्टन यांनी तर चर्चच्या मंडळ्यांसाठी ‘लिव्हिंग युवर स्ट्रेंग्थ्स’ हे पुस्तक इतरांसह लिहिले. हे प्रयत्न मी टाकाऊ मानत नाही. वर्षानुवर्षे स्वतःला कमी लेखलेल्या माणसाला आपल्यात चांगले काय आहे ते कागदावर वाचायला मिळणे, हेही थोडे नाही. पण पौलाकडे देणगी सुरुवातीपासूनच एका अटीसह येते: ती सर्वांच्या हितासाठी आहे. डोळ्याचे डोळेपण पायाला वाट दाखवताना सिद्ध होते. म्हणूनच या अध्यायानंतर लगेच प्रीतीचा तेरावा अध्याय येतो. लग्नात हौसेने वाचला जाणारा तो अध्याय मुळात देणग्यांवरून भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेला आहे.

तुमच्या कार्यालयात अशी चाचणी व्हायची असेल, तर आदल्या रात्री हे दोन्ही अध्याय सलग वाचा. निकाल हाती आला, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारा, माझ्या कोणत्या कामाचा तुम्हाला उपयोग होतो. त्याचे उत्तर त्या अहवालाला जोडून ठेवा.