आधी कॅलेंडर बघा, मग लेखकाला आळशी म्हणा

'वन पीस'चा चॅप्टर या आठवड्यात आला नाही म्हणून तुम्हीही कधीतरी वैतागला असाल. फॅन मंडळी अशा गॅपचे तक्ते करतात, मी हौसेने बघतोही. पण बहुतेकांत एकच घोळ असतो.

'वीकली शोनेन जंप' जपानमध्ये सहसा सोमवारी निघतं. एक चॅप्टर साधारण 19 पानांचा. नवं वर्ष, गोल्डन वीक, ओबोन अशा सुट्ट्यांच्या सुमारास जोडअंक येतो आणि पुढचा आठवडा कोरा जातो. हा खाडा अंकाचा. लेखक थांबतो तेव्हा अंक निघतो, फक्त त्याची मालिका नसते. 2022 च्या जूनअखेर एइचिरो ओदांनी चार आठवडे घेतले, ते असे. एक्सेलमध्ये मात्र दोन्हीकडे रिकामाच रकाना! म्हणून 'त्या आठवड्यात अंक होता का?' हा वेगळा कॉलम हवाच. तो नसेल तर तुम्ही कॅलेंडर मोजताय आणि नाव लेखकाच्या मेहनतीचं देताय.

तोही भरला, तरी कारण कळत नाहीच. योशिहिरो तोगाशींची 'हंटर हंटर' 1998 पासून चालू आहे. 2018 च्या शेवटी थांबली ती जवळपास चार वर्षं. तक्त्यात ही सगळ्यात लांब पांढरी पट्टी, आणि खाली कमेंटींत टिंगल. माणूस कंबरदुखीने बसू शकत नव्हता. डिसेंबर 2022 मध्ये मालिका साप्ताहिक पद्धतीतून बाहेर काढल्याचं जाहीर झालं. माझ्या मते हे फारच उशिरा झालं.