लॅम्पोर्टचा पेपर आणि माझा फसलेला तक्ता

लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८ चा ‘टाइम, क्लॉक्स अँड द ऑर्डरिंग ऑफ इव्हेंट्स इन अ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम’ हा पेपर तुमच्याही हातात कुणीतरी देईलच. मी तो पहिल्या वर्षी वाचला आणि नेमका चुकीचा भाग लक्षात ठेवला: दोन घटनांचे टाइमस्टॅम्प सारखे आले, तर प्रोसेसचा कुठलाही एक क्रम ठरवा आणि पुढे चला.

लिनक्सच्या एफट्रेसमधल्या नोंदी मी तशाच लावल्या. आधी वेळ, वेळ सारखी असेल तर सीपीयूचा नंबर. झालं काय, तर ३ नंबरच्या सीपीयूने जागी केलेली प्रोसेस १ नंबरवर जागी होण्याआधीच धावायला लागली! तोवर तक्ता गाईडना दाखवून झाला होता.

दोष पेपरचा नाही. तो सांगतो की ‘आधी घडलं’ हे नातं अपुरंच असतं. एकाच प्रोसेसमधला क्रम, मेसेज पाठवणं आणि मिळणं, आणि या दोन्हींची साखळी. याच्या बाहेरच्या दोन घटनांना क्रम नसतोच. पुढचा संपूर्ण क्रम सगळ्यांचं एकमत व्हावं म्हणून लादलेला आहे, आणि तो एकमेव नाही हेही तिथे लिहिलंय. खरं काय घडलं ते त्यातून कळत नाही.

पण ट्रेस वाचणाऱ्याला हा पेपर एका जागी अपुरा पडतो. त्यात मेसेज माहीत असतात, घड्याळाचा आकडा मेसेजसोबतच जातो. आपल्याकडे फक्त मागे उरलेल्या नोंदी. लॉक एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि ती नोंदच चालू नव्हती, तर बाण दिसत नाही. म्हणून घटना स्वतंत्र होत्या असं होत नाही.

त्यात ‘एकाच वेळी’ हेही पुष्कळदा छपाईमुळे. एफट्रेस मजकुरात मायक्रोसेकंदापर्यंतच आकडे दाखवतो. ३ गिगाहर्ट्झच्या सीपीयूचे तेवढ्यात ३००० सायकल होतात. नॅनोसेकंद काढलेत तरी डीफॉल्ट ‘लोकल’ घड्याळ सगळ्या सीपीयूंवर जुळेलच याची हमी नाही. ‘काउंटर’ निवडलंत तर क्रम मिळतो, वेळ जाते.

आता मी सारख्या वेळेच्या नोंदींत फक्त खात्रीचे बाण काढते. बाकीच्या जोड्या उलटसुलट करून हिशेब पुन्हा चालवते. आकडा बदलला, तर तक्त्यात एका आकड्याऐवजी किमान आणि कमाल असे दोन लिहिते. जुन्या तक्त्यातल्या दोन ओळी त्यातच गेल्या.